खाटेसोबत दहावी ‘क’ फुकट मिळते

आधी कामाचं. सांगलीत घरी रुग्ण असेल आणि डोक्याकडून उचलता येणारी खाट, एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची यांपैकी काही हवं असेल, तर पेठेतल्या एका जुन्या हळदीच्या वखारीत, वरच्या मजल्यावर, हे सगळं मिळतं. भाडं नाही. अनामत घेतात. खाटेला ३००० रुपये, एअर बेडला १०००, वॉकर आणि खुर्चीला प्रत्येकी ५००. वस्तू परत दिली की पैसे परत. मुदत तीन महिने, लागलीच तर फोन करून वाढवून घ्यायची. वेळ संध्याकाळी पाच ते सात, रविवारी बंद. पाटी नाही. नाव, पत्ता आणि नंबर इथं देत नाही, कारण चालवणाऱ्यांनीच तशी तंबी दिली आहे. एकदा म्हणे वर्तमानपत्रात छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी दारात चौदा माणसं, आत खाटा सहा. हॉस्पिटलातल्या कुठल्याही मावशींना विचारा, त्या सांगतात. मलाही त्यांनीच सांगितलं.

यात थोडी लाजेची गोष्ट आहे. हे केंद्र चालवतात ती सगळी माझ्या दहावीच्या वर्गातली माणसं. १९८४ ची बॅच, तुकडी ‘क’. आमच्या शाळेत संस्कृत घेतलेली पोरं ‘अ’ मध्ये, अर्धं संस्कृत अर्धं हिंदीवाली ‘ब’ मध्ये आणि उरलेला सगळा गाळ ‘क’ मध्ये असा हिशोब होता. त्या गाळातली मीही एक. स्वतःच्या वर्गाचा पत्ता मला मिरजेच्या हॉस्पिटलात एका परक्या बाईनं सांगावा, याला कारण मी २०२० मध्ये त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले होते. त्याबद्दल पुढं येईलच. तर कौतुक जास्त वाटलं तर थोडं कापून घ्या. तक्रारी मात्र पुऱ्या घ्या. एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत, त्या मोजूनच लिहिते आहे.

जानेवारीत भोगीच्या दिवशी आई न्हाणीघरात घसरली. वय ८१. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या परातीत तशाच राहिल्या आणि आम्ही मिरजेला पोचलो. खुब्याचं हाड. ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं: मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, खाली बसायचा संडास विसरायचा, आणि साधी कॉट चालणार नाही. मी एका दुकानात महिन्याचं भाडं विचारलं. आकडा ऐकून ‘सांगते’ म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारी चादर बदलत असलेल्या मावशी म्हणाल्या, “ताई, कशाला पैसे घालवताय? सांगलीत हळदीच्या वखारीत फुकट मिळतंय की. शाळेतली पोरं देतात.” शाळेतली पोरं म्हणजे सत्तावन-अठ्ठावन्न वर्षांची.

फोन उचलला तो ‘बाई’नं. ती आमच्या वर्गातलीच, पण पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली म्हणून तिला वर्गातले सगळेच ‘बाई’ म्हणतात, तिचा नवराही म्हणतो. मी नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी फोन, म्हणजे आता ‘अगं तू होय!’ वगैरे होईल म्हणून मी तयारीत होते. तसं काही झालं नाही. तिनं विचारलं, “रुग्ण कोण? वजन साधारण किती? घरात उचलायला माणूस कोण आहे? जिना आहे का, त्याला वळण आहे का? खोलीचा दरवाजा किती रुंद?” दरवाजाची रुंदी मला माहीत नव्हती. जन्मल्यापासून त्या दारातून ये-जा केलेली, पण मोजतंय कोण. “टेप घे, मोज, आणि मला सांग. मी धरून आहे,” म्हणाली. शेजाऱ्यांना फोन करून मोजायला लावलं. सत्तावीस इंच. ते तिनं लिहून घेतलं, त्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग म्हणाली, “हां, आता बोल. कशी आहेस?”

या एका प्रश्नासाठीच मी त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला तयार आहे. दरवाजाच्या प्रश्नासाठी म्हणते, ‘कशी आहेस’साठी नव्हे. गावभागातली जुनी घरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना कळेल. खाट तीन फूट रुंद, दार सव्वादोन फूट. दुकानवाल्यानं दारात आणून टाकली असती आणि भाडं सुरू झालं असतं. इथं खाट सुटी करून आली. डोक्याकडची आणि पायाकडची फळी वेगळी, सांगाडा वेगळा, आणि तो आडवा धरून आत नेला. जोडायला आलेल्या दोघांपैकी एकाच्या खिशात पान्हा होता आणि दुसऱ्याच्या हातात आमच्या दाराची रुंदी लिहिलेली चिठ्ठी.

वखार मी नंतर बघितली, वॉकर आणायला गेले तेव्हा. ती हळदवाल्याची. तोही ‘क’ मधलाच, गणितात माझ्यामागं बसून माझीच उत्तरं उतरवायचा, आज त्याचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. त्याच्या वडिलांची हळद हरिपूरच्या पेवांत असायची. जमिनीखालच्या त्या पेवांत २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि त्या वर्षी त्यांचं जे नुकसान झालं त्याबद्दल तो आजही बोलत नाही. नुसता हात हलवतो. वखारीच्या खालच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तीन रेघा मारल्या आहेत: २००५, २०१९, २०२१. मधली सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्याही हातभर वर. त्या साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. म्हणून रुग्णसाहित्य सगळं वर. पोती चढवायची जुनी कप्पी आहे, तिच्यावरून खाटा वरखाली करतात. आणि वर पोचलं की वास. हळद तिथून हलवून काही वर्षं झाली, तरी फळ्यांच्या फटींत ती आहेच. प्रत्येक खाटेची चाकं पिवळी, वॉकरची रबरी बुटं पिवळी. आमच्याकडं खाट क्रमांक ४ आली तेव्हा आईनं गादीला हात लावून बोट बघितलं आणि म्हणाली, “कुणाचं लग्न लागलंय हिच्यावर?”

अनामतीचा नियम मला फार आवडला. मी पाचशेच्या नोटा काढल्यावर हळदवाला ओशाळून इकडंतिकडं बघायला लागला. बाईनं वर न बघता पावतीपुस्तक ओढलं. “तुझ्याकडून घेणार. माझ्या नणंदेकडूनही घेतली. ओळखीचा माणूस वस्तू परत आणत नाही, अनोळखी आणतो,” म्हणाली. हे वाक्य मी नोकरीत असताना कर्ज विभागाच्या भिंतीवर लावायला हवं होतं.

आता वस्तूंबद्दल. खाट दणकट, पण गुडघ्याकडचा दांडा फिरवला की किंचाळतो. पहिल्या रात्री मी दोनदा फिरवला आणि समोरच्या वाड्यातला दिवा लागला. फोनवर हळदवाल्यानं खोबरेल तेल घालायला सांगितलं. घातलं. दुसऱ्या दिवशी आवाज गेला, पण आट्यांमधली हळदीची पूड आणि तेल यांची खळ होऊन दांडा अर्ध्यात अडकला, आईचे गुडघे वर. टेम्पोवाला, म्हणजे आमच्यातला छोटा हत्ती चालवणारा, येईपर्यंत पाऊण तास ती तशीच. त्यानं रॉकेलनं आट्या धुतल्या, ग्रीस लावलं, आणि जाताना म्हणाला, “त्याला हळदीतलं कळतंय, यंत्रातलं नाही. मला फोन करायचा.” मग हे आधी सांगायचं की! खाटेवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवायला काय हरकत आहे? मी सुचवलंय. अजून चिकटवलेली नाही.

एअर बेडनं मात्र आईची पाठ वाचवली, हे लिहून ठेवते. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी: प्लॅस्टिकची फुगवट्यांची गादी असते, तिला एक छोटा पंप. पंप काही मिनिटं एका ओळीतले फुगवटे भरतो, मग ते सोडून दुसऱ्या ओळीतले. म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही आणि जखमा होत नाहीत. तरीही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. गादी आहे म्हणून झोपून राहिलात तर ती काही करू शकत नाही. वर जाड गोधडी टाकायची नाही, टाकली की सगळा उपयोग संपला. पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं, त्यासाठीच बाईनं वजन विचारलं होतं. आईला पहिले दोन दिवस ती गादी सहन होईना. “खाली कुणीतरी श्वास घेतंय गं,” म्हणायची. तिसऱ्या रात्रीपासून पंपाच्या घरघरीवर तिला झोप लागायला लागली. महिन्याभरानं एक फुगवटा फुटला. टेम्पोवाल्यानं सायकलच्या ट्यूबला लावतात तसा पॅच लावून दिला.

कमोड खुर्चीवर मी नाराज आहे. चार पायांपैकी एकाचं रबर झिजून पत्रा बाहेर आला होता, आणि ओल्या फरशीवर ती खुर्ची कणभर सरकली. कणभरच, पण ज्या घरात माणूस घसरून पडलेलं असतं तिथं कणभर पुरतं. मी त्याच मिनिटाला फोन करून ओरडले. अर्ध्या तासात चार नवी बुटं आली आणि दुसऱ्या दिवसापासून देण्याआधी रबर तपासायचा रकाना वहीत वाढला. रकाना वाढला हे चांगलं. आधी का नव्हता, हा प्रश्न उरतोच.

आता त्या ग्रुपबद्दल, कारण केंद्र काय आहे हे त्याशिवाय कळणार नाही.

मी तो दोनदा सोडला. पहिल्यांदा २०१६ मध्ये, सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि एकाच वाढदिवसाला एकोणचाळीस केक बघून. मी पुण्यात होते, कामात होते, मला ते पेलवेना. मग आला २०१९ चा ऑगस्ट. आई-बाबा गावभागातल्या घरात. बाबा ऐंशीचे आणि ठाम. “२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, आत येत नाही.” ६ ऑगस्टच्या रात्री साडेनऊला आईचा फोन आला, पाणी माजघरात आलंय, आम्ही माडीवर आलोय, वीज गेलीय. त्यानंतर फोन लागेना. पुण्याहून निघून उपयोग नव्हता, सांगलीत शिरायचे रस्ते पाण्याखाली. मी मदतीच्या नंबरांवर लावत राहिले. रात्री पावणेबाराला मी ‘बाई’ला मेसेज केला. तीन वर्षांत पहिला. दोन मिनिटांत मला ग्रुपवर परत घेतलेलं होतं, ‘का गेली होतीस’ असं कुणी विचारलं नाही. तिथं एक यादी चालू होती. कुणाचे आई-वडील कुठल्या बोळात, कितव्या मजल्यावर, औषधं कुठली, चालता येतं की नाही. आमच्या घराची नोंद बाईनंच घातली: माडी, दोन माणसं, एकाला साखर, तोच ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बचाव पथकाची बोट गेली. पथकातली पोरं बाहेरगावची, त्यांना बोळ काय माहीत? कुठं ओटा आहे, कुठं विजेच्या तारा खाली आल्यात, कुठल्या वाड्याला मागून खिडकी आहे, हे सांगायला हळदवाला त्या बोटीत बसला होता. त्याच्या स्वतःच्या वखारीत तेव्हा छताला पाणी लागायला आलं होतं. बाबांनी खिडकीतून त्याला ओळखलं नाही. तो ओरडला, “काका, मी! तुम्ही मला गणिताची वही परत द्यायला घरी आलोवतो म्हणून छडीनं मारलं होतं, तो!” तशी घटना कधी घडली होती का, हे मला माहीत नाही, पण बाबा उतरले. पुढचे अकरा दिवस ते दोघं सांगलीतल्याच विश्रामबाग भागात आमच्या वर्गातल्या एकीच्या घरी राहिले. मी त्या मुलीशी शाळेत कधी बोललेही नव्हते, ती मागच्या बाकावर बसायची. तिनं बाबांच्या साखरेची औषधं कुठून मिळवली ते आजही सांगत नाही, “मिळाली” म्हणते.

पाणी ओसरल्यावर घराघरातून चिखल काढायला वर्गणी काढली. ती वापरून काही रक्कम उरली, आणि उरलेल्या पैशांचं करायचं काय यावर महिनाभर वाद झाला. कुणी म्हणे शाळेला पंखे द्या, कुणी म्हणे जेवण करू. तेवढ्यात वर्गातल्या एकाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना खाट लागली, ती या पैशातून घेतली, आणि वडील गेल्यावर तो खाट परत घेऊन आला. “ही आता कुणाला तरी द्या,” म्हणाला. ती खाट क्रमांक १. अजून चालते.

मग करोना. २०२० च्या उन्हाळ्यात ग्रुपवर काढ्याचे उपाय, गरम पाण्याच्या वाफा आणि थाळ्यांचा आवाज यांचा असा पूर आला की मी दुसऱ्यांदा बाहेर पडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही. जे वाटतं ते पुढचं, कारण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी बघितलंच नाही. मी ते यंदा फेब्रुवारीत वहीत वाचलं.

आई झोपली की मी वखारीत जाऊन बसायचे, बाईला मोजणीत मदत म्हणून. बँकेतल्या माणसाला वही दिली की तो ती वाचतोच. २०२१ च्या एप्रिल-मे ची पानं बाकीच्या पानांसारखी नाहीत. एरवी बाईचं गोल अक्षर, सहीच्या जागी सही. त्या पानांवर चार जणांची अक्षरं, वेळा रात्री दोनच्या, पहाटे चारच्या. तेव्हा त्यांच्याकडं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दोन होते, मिनिटाला पाच लिटरचे. हे मशीन हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढं देतं, विजेवर चालतं, सिलिंडर भरून आणावा लागत नाही. पण ज्याची पातळी फार खाली गेलीय त्याला ते पुरत नाही. बेड मिळेपर्यंतचा आधार, एवढंच. म्हणून वहीत एक रकाना आहे, ‘बेड मिळाला का’. त्यात तारखा आणि वेळा आहेत. कुठं ‘हो, ११.२०’. कुठं नुसती रेघ. बाटलीत भरायचं डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून टेम्पोवाल्यानं बॅटरीवाल्याच्या दुकानातून कॅन आणल्याची नोंदही आहे, किमतीसकट. त्याच जुलैत परत पूर आला. पाणी चढतंय म्हटल्यावर दोन्ही मशीनं कप्पीवरून वर ओढली, आणि तेव्हापासून वरच आहेत.

एका ओळीशी मी थांबले. मशीन क्रमांक २, अनामत ३०००, घेणाऱ्याचं नाव आमच्याच वर्गातल्याचं. तोच, ज्यानं खाट क्रमांक १ परत आणली होती. ‘मशीन परत’ या रकान्यात तारीख आहे, सही त्याच्या मुलाची. ‘अनामत परत’ हा रकाना कोरा. मी बाईला विचारलं. ती म्हणाली, मुलाला तीनदा बोलावलं, तो येत नाही. बाबा घेतील म्हणतो. मी म्हटलं, देणगीत जमा करून टाक. “त्याची सही नाही,” म्हणाली. दरवर्षी ३१ मार्चला ती ते ३००० रुपये पुढच्या वहीत ओढते. बँकेत दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, हे मी तिला सांगितलं. “तुमच्याकडं जाते. माझ्याकडं जागा आहे,” म्हणाली, आणि पान उलटलं.

आता मोठी तक्रार. या सेवेत तुम्हाला एकटं राहता येत नाही. खाट आली त्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत अकरा जणं भेटायला येऊन गेली होती. प्रत्येकाला चहा. प्रत्येकाकडं तेल. कुणी नारायण तेल, कुणी कुठलंसं आदिवासी तेल, एकानं तर हाड जोडायचा लेप आणला. हाड जोडलेलं आहे हो, आत धातू घातलाय, असं मी सांगून थकले. विश्रामबागवाली मात्र दर दोन दिवसांनी यायची, बोलायची नाही, भांडी घासून जायची. तिला मी कधी तक्रारीत धरणार नाही. पण एक जण, नाव कशाला, आला आणि त्यानं आईचा खाटेवरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘आपल्या केंद्राचा लाभ’ असं लिहून. आईच्या डोक्यावर पदर नव्हता, तोंडात दात नव्हते. मी ग्रुपवर नव्हतेच. मला दोन दिवसांनी कळलं. आईला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती कवळी मागून घेतली आणि झोपतानाही काढेना.

मी वखारीत गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. मदत घेतली म्हणजे आईला प्रदर्शनात मांडली नाही, असं काहीतरी. आवाज चढला होता. तो म्हणाला, “चांगल्या भावनेनं टाकला गं.” भावना चांगलीच असते, हे मी एकतीस वर्षं काउंटरवर ऐकलंय. बाईनं तिथल्या तिथं तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावला आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: रुग्णाचा फोटो नाही, नाव ग्रुपवर नाही. हळदवाल्यानं दुसऱ्या दिवशी घरी येऊन आईला नमस्कार केला. आई म्हणाली, “तूच ना बोटीतला? बस की. दात घातलेत मी आज.”

आणखी एक, आलंय ध्यानात म्हणून. फोन घेणं, वही, चादरी धुणं, औषधांच्या वेळा विचारणं हे सगळं बायका करतात. वर्षातून एकदा स्नेहमेळाव्यात स्टेजवर सत्कार होतो तो पुरुषांचा. बाईला हे बोलले तर म्हणाली, “सत्काराला उभं राहायला माझे गुडघे कुठं आहेत?” मला हे उत्तर पटलेलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई वॉकर धरून स्वतः दारापर्यंत गेली, उंबऱ्यापाशी थांबली, वॉकर आधी बाहेर ठेवला, मग पाय. फिजिओवाल्या मुलीनं शिकवलं होतं तसं. दार सत्तावीस इंचाचं, वॉकर बावीस. मोजलंय. खाट परत द्यायची वेळ आली. आम्ही फिनेलनं पुसली, उन्हात ठेवली. चाकं पिवळी ती पिवळीच राहिली.

वखारीत मी बाईला म्हटलं, अनामत राहू दे, देणगी समज. तिनं पैसे मोजून माझ्या हातात ठेवले. ३०००, १०००, ५००, ५००. “घे. सही कर. मग द्यायचे तर दे, त्याची पावती वेगळी.” मी सही केली. मग पाच हजार परत तिच्याकडं सरकवले. तिनं दुसरं पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि माझं पूर्ण नाव विचारलं. सासरचं. चाळीस वर्षं ओळखते, पण ते तिला माहीत नव्हतं. खाट क्रमांक ४ तोवर कप्पीवर चढलीही नव्हती. खाली एक मुलगा टेम्पो लावून उभा होता, कुपवाडचा, आजोबांसाठी आलेला. ती तशीच त्याच्या टेम्पोत गेली. दांड्याबद्दल मी त्याला सांगितलं. खोबरेल घालू नका म्हटलं.

पाचपैकी चार तारे. खुर्चीच्या रबराचा अर्धा आणि फोटोचा अर्धा कापला. फोटोचा पूर्ण कापणार होते, आई नको म्हणाली.

ग्रुपवर मी अजून परत गेलेले नाही, सुप्रभात चालूच आहे म्हणतात. पण बाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि दीड महिना तिला वही बघायची नाही, तेवढे दिवस मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडं आलेत. त्या दिवशी पाच ते सात फोन केलात तर मी उचलेन. टेप जवळ घेऊन बसा, दरवाजा मोजायला लावणार आहे.